कुटायचं कशात, खलायचं कशात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



एखादी वस्तू बारीक करायची, एवढंच साधं काम. पण त्यासाठी आपल्या मराठीत किती क्रियापदं आहेत, मोजून पाहिलंत कधी? धान्य आपण दळतो, डाळ भरडतो, चटणी वाटतो, लसूण ठेचतो, भात कांडतो, मसाला कुटतो, चंदन उगाळतो आणि औषध खलतो. यातलं एक काढून दुसरं घाला. ‘चंदन कुटलं’ किंवा ‘भात उगाळला’ असं कुणी म्हटलं तर घरातलं शेंबडं पोरही हसेल. कारण या प्रत्येक शब्दामागे एकेक अवजार उभं आहे. दळायला जातं, वाटायला पाटा-वरवंटा, कांडायला उखळ-मुसळ, कुटायला लोखंडी खलबत्ता, उगाळायला सहाण. आणि खलायला खल. तोही औषधासाठी असेल, तर पांढरा, चिनी मातीचा.

आज या पांढऱ्या खलाविषयी थोडं बोलायचं आहे. दिसायला वाडग्याएवढा, एका बाजूला ओतायला लहानशी चोच, आणि सोबत गोल डोक्याचा बत्ता. पूर्वी गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडरच्या टेबलावर तो हमखास दिसायचा. आता तो माळ्यावर गेला, काही ठिकाणी भंगारात गेला आणि भंगारातून शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत जाऊन बसला. तिथून तो हौसेनं विकत घेतला जातो आणि पुन्हा स्वयंपाकघरात येतो. हा त्याचा शेवटचा प्रवास मला काळजीचा वाटतो. का, ते सांगतोच. पण आधी या खलाची ओळख करून घेऊ.

माझं आयुष्य औषधं देण्यात गेलं आणि तेही अकोले तालुक्यातल्या राजूरच्या परिसरात. अकोल्याहून भंडारदऱ्याकडे निघालात की वाटेत राजूर लागतं. कुणी ते पेढ्यांसाठी ओळखतं, कुणी कळसूबाईला किंवा रतनगडाला जाताना तिथं चहाला थांबतं. औषधांच्या धंद्यातला माणूस मात्र राजूर म्हटलं की हिरडा म्हणतो. या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची कुटुंबं कोवळा हिरडा गोळा करतात, उन्हात वाळवतात. वाळून काळा पडलेला हा बाळहिरडा व्यापाऱ्यांकडे जातो आणि तिथून औषधांच्या कारखान्यांकडे. नाचणी, वरई आणि भाताच्या जोडीला हातात चार पैसे यावेत ते या हिरड्याचे.

आता गंमत पाहा. हाच हिरडा लोखंडी खलात घेऊन पाण्याबरोबर वाटून पाहा. थोड्याच वेळात सगळा लगदा काळानिळा होतो. हिरड्यात तुरट द्रव्य भरपूर असतं, ज्याला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी करत, ती याच गुणामुळे. केसांना लावायला त्रिफळा किंवा आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालतात, त्याचंही कारण हेच. शाईसाठी, केसांसाठी हा रंग हवाच. पण पोटात घ्यायच्या औषधात तो नको असेल तर? मग लोखंड चालत नाही.

पितळ घ्यावं, तर त्याचीही अडचण आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आंबट पदार्थात तांबं उतरतं, चव बिघडते आणि पोटही बिघडतं. संगमरवर दिसायला सुंदर, पण लिंबाच्या रसानं त्यालाही खड्डे पडतात. आपला सह्याद्रीचा काळा दगड मात्र टणक. नावेच्या आकाराचे काळ्या दगडाचे खल वैद्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या ग्रंथात खल्वयंत्राचं वर्णन आहे, तापवून वापरायच्या तप्तखल्वाचंही आहे. चूर्णाला रसाची भावना द्यायची म्हणजे तो रस घालून चूर्ण सुकेपर्यंत खलत राहायचं, आणि हे एकदा नव्हे, कित्येकदा सात वेळा. मोत्याची, पोवळ्याची पिष्टी करायची तर गुलाबपाण्यात दिवसच्या दिवस घोटायचं. त्यासाठी खंबायतच्या अकीकाचे खलही वापरात होते. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. अशा महाविद्यालयांतून शिकलेले वैद्य आमच्या भागातही आले, आणि त्यांच्या सामानात हा दगडी खल असायचाच.

मग चिनी मातीचा खल कुठून आला? त्याचा उगम इंग्लंडमध्ये आहे. स्टॅफर्डशर परगण्यात जोसाया वेजवुड नावाचा एक कुंभार होऊन गेला. जन्म १७३०चा. त्याच्या निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या भांड्यांना आज लिलावात मोठी किंमत येते, पण मला त्याचं कौतुक आहे ते त्याच्या खलासाठी. त्या वेळी तिकडचे औषधवाले पितळेचे, काशाचे किंवा संगमरवराचे खल वापरत. आम्लं आणि पाऱ्याचे क्षार त्या खलांना खात आणि खलाचा अंश औषधात उतरे. औषध म्हणून दिलेल्या पुडीत न मागितलेलं तांबं जायचं. वेजवुडनं १७७९च्या सुमाराला अशी घट्ट, कठीण माती तयार केली की तीव्र आम्लाचंही तिच्यावर काही चालेना. तिचे खल त्यानं विकायला काढले. जोसेफ प्रीस्टली या नामवंत रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगासाठी लागणारी भांडीही तो पुरवत असे. भट्टीतली उष्णता मोजण्याचं एक साधनही त्यानं शोधलं आणि १७८३ साली त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. एक कुंभार शास्त्रज्ञांच्या पंगतीला जाऊन बसला! मूर्तिशास्त्र किंवा राजकारण करून नव्हे, तर मातीवर प्रयोग करून.

पुढे इंग्रजी दवाखाने आपल्याकडे आले आणि त्यांच्याबरोबर हा खल आला. जुन्या खलाचा तळ पाहिलात तर कित्येकदा तिथं मापाचा आकडा दिसतो, कधी बनवणाऱ्याची खूण दिसते, कधी आम्लाचा परिणाम होत नाही अशी इंग्रजी अक्षरंही कोरलेली असतात.

या खलाची बाहेरची बाजू गुळगुळीत, चकाकणारी असते. आतली बाजू मात्र मुद्दाम खरखरीत, झिलई न दिलेली ठेवतात. बत्त्याचं डोकंही तसंच. दोन खरखरीत पृष्ठभागांच्या मधे सापडलेला कण घासला जातो, चिरडला जातो. म्हणून यात आपटायचं नसतं. बत्ता मध्यावर टेकवायचा, थोडा दाब द्यायचा आणि गोल फिरवत फिरवत कडेकडे न्यायचा, तसाच परत मध्यावर आणायचा. अधूनमधून कडेला चिकटलेलं पातीनं खरवडून मधे घ्यायचं. हे झालं खलणं. एखाद्या प्रश्नावर सभेत ‘बराच खल झाला’ असं आपण म्हणतो, त्यातही हीच कल्पना आहे. तोच तो विषय पुन्हा पुन्हा फिरवायचा, कडेला गेलेला मुद्दा पुन्हा मधे घ्यायचा. आपटाआपट केली तर सभाही मोडते आणि खलही फुटतो. बंद दाराआडचं खलबत मात्र वेगळं. तो शब्द अरबीतून आला, त्याचा या खलाशी संबंध नाही.

खलण्यामागे आणखी एक शहाणपण आहे. समजा, एक चिमूट जहाल औषध पंधरा चिमटी साखरेत सारखं मिसळायचं आहे. सगळं एकदम ओतून ढवळलं तर काय होईल? एका पुडीत औषध जास्त जाईल, दुसरीत नुसती साखर. म्हणून पहिल्यांदा एक चिमूट औषधात एकच चिमूट साखर घ्यायची आणि खलायची. झालं दोन चिमटी. मग त्यात दोन चिमटी साखर, मग चार, मग आठ. असं दुपटीनं वाढवत गेलं की प्रत्येक पुडीत औषध सारखं येतं. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनीही औषध आणि दुग्धशर्करा खलण्याचे नियम मिनिटांवर घालून दिले होते. सहा मिनिटं खलायचं, चार मिनिटं खरवडायचं, असं करत पहिला टप्पा एक तासाचा. खल फार गुळगुळीत असेल तर ओल्या बारीक वाळूनं त्याचा तळ घासून खरखरीत करून घ्यावा, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. आपण पाट्याला टाकी लावून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं कमी आणि बाटल्या-पुड्या जास्त असत. पेशंट येताना घरून बाटली घेऊन यायचा. तिच्यावर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि आत लाल किंवा पिवळं मिक्स्चर भरायचं. लहान मुलाला अर्धी किंवा पाव गोळी द्यायची तर ती खलात साखरेबरोबर खलून कागदावर सारखे भाग पाडायचे. त्या पुड्यांच्या घड्या घालणं हीसुद्धा एक कला होती. तेलाचं औषध द्यायचं तर खलात चार भाग तेल आणि एक भाग बाभळीचा डिंक घ्यायचा, त्यात दोन भाग पाणी एकदम घालायचं आणि एकाच दिशेनं भराभर फिरवायचं. नीट जमलं की पांढरं, दाट दूध तयार होतं आणि बत्त्याखालून चटचट आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की समजायचं, तेल आणि पाणी एक झालं. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही हे प्रात्यक्षिक शिकवतात. बाकी ठिकाणी तयार औषधं आली आणि खलाचं काम संपलं. ते एका अर्थी बरंच झालं. कारखान्यात गोळीचं वजन यंत्रानं तपासलं जातं. कंपाउंडरच्या हातावर, त्याच्या झोपेवर आणि मूडवर रुग्णाचा डोस अवलंबून राहत नाही. जुन्याचं कौतुक करताना हेही बोललं पाहिजे.

आता सुरुवातीला म्हटलं त्या काळजीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरात नातवंड जन्मलेलं. आजीबाई ओट्याशी गुटीची तयारी करत होत्या. हिरडा, बेहडा, जायफळ, सुंठ, मुरुडशेंग, वेखंड सगळं मांडलेलं. आणि मधोमध एक जुना, देखणा पांढरा खल. मुलानं शहरातल्या जुन्या बाजारातून हौसेनं आणला होता. आत पाहिलं, तर तळाशी केसासारखी बारीक चीर आणि तिच्यात काळपट रेघ. ‘आजी, हा कुठल्या तरी दवाखान्यातला दिसतोय,’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘असेल की. राखेनं दोनदा घासलाय भाऊ, लख्ख झालाय.’

लख्ख झाला होता, यात शंका नाही. पण त्या खलात चाळीस-पन्नास वर्षांत काय काय खललं गेलं असेल, ते कुणी सांगावं? जुन्या औषधांमध्ये पाऱ्याचे क्षार होते, सोमलाची द्रावणं होती, शिशाचे क्षार होते. मलमं याच खलात घोटली जात. वैद्याच्या खलात पारा आणि गंधक यांची कज्जली होत असे. खलाचा आतला भाग खरखरीत असतो. त्यावर वर्षानुवर्षांचे ओरखडे असतात, चिरा असतात, आणि त्यांत गेलेला अंश राखेनं, साबणानं किंवा उकळत्या पाण्यानं खात्रीनं निघत नाही. मोठ्या माणसाला जे सोसेल ते चार किलोच्या बाळाला सोसत नाही. पारा आणि शिसं तर वाढत्या मेंदूवरच घाव घालतात. मी आजींना एवढंच म्हटलं, ‘हा खल दिवाणखान्यात ठेवू या. आणि गुटीचं म्हणाल, तर सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा.’ त्या थोड्या हिरमुसल्या, पण त्यांनी ऐकलं. आज तो खल त्यांच्या समईशेजारी मानानं बसला आहे.

गुटीवरून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नावाच्या गोंधळातून अनर्थ होतो. मुरुडशेंग ही वनस्पती आहे, पिळा दिलेल्या दोरीसारखी तिची शेंग असते आणि आमच्या डोंगरात ती उगवते. मुरदाडशिंग म्हणजे मात्र शिशाची भस्मासारखी जड पूड, विषारी. दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि दोन्हींची नावं कानाला सारखीच लागतात. चिठ्ठी लिहून द्या, शेंग डोळ्यांनी पाहून घ्या. पूड असेल तर घेऊच नका.

या मुरदाडशिंगाचा खलाशीही संबंध आहे. जगभर कुंभार मातीच्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी झिलईत शिशाचं हेच द्रव्य वापरत आले. मेक्सिकोत अशा झिलईच्या भांड्यांतून रोजच्या जेवणात शिसं जातं आणि मुलांच्या रक्तात ते सापडतं, हे वैद्यकीय तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. आंबट पदार्थ अशा भांड्यात ठेवला तर शिसं अधिकच सुटतं. तेव्हा जुन्या बाजारात मिळणारा, आतूनही चकाकणारा, रंगीत नक्षीचा खल किंवा वाडगा कितीही सुरेख असला, तरी त्यात चटणी वाटू नका, लिंबू पिळू नका. तो पाहण्यासाठी आहे.

मग स्वयंपाकघरात चिनी मातीचा खल नकोच का? तसं मुळीच नाही. नवा घ्या, खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकला जाणारा घ्या, आणि फक्त खाण्यासाठीच ठेवा. श्रीखंडात केशर घालायचं असतं, तेव्हा आपण ते दुधात भिजवतो आणि अर्धं केशर वाटीला चिकटून राहतं. त्याऐवजी केशराच्या काड्या किंचित गरम करून चिमूटभर खडीसाखरेबरोबर खला. पांढऱ्या खलात रंग कसा उतरत जातो, ते डोळ्यांना दिसतं. मघाशी सांगितलेला दुपटीचा नियम इथंही लावा, म्हणजे पातेलंभर श्रीखंडाला एकसारखा रंग येईल. वेलदोड्याचे दाणे साखरेबरोबर खलले तर साखरेचे कणच जात्याचं काम करतात आणि पूड मैद्यासारखी होते. जायफळ, मिरी, ओवा, सुंठ थोड्या प्रमाणात करायची असेल तर मिक्सरच्या भांड्यात ती पात्याखाली सापडतच नाही. खलात ती दोन मिनिटांत होते. आवळा, चिंच, लिंबू यांची भीती नाही. दगडासारखा वासही तो धरून ठेवत नाही. मात्र सुंठेचा मोठा तुकडा किंवा हळकुंड यात आपटू नका. त्याला लोखंडी खलबत्ताच हवा. आधी लोखंडात कुटा, मग चिनी मातीत खला. लसूण-मिरचीचा ठेचा दगडात करा, त्याची गोडी दगडातच आहे.

खल विकत घेताना काय पाहायचं? पहिली परीक्षा कानाची. खल तळहातावर धरा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर कुठं तरी चीर आहे. ही परीक्षा आपल्या नदीकाठी फार जुनी आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा आमच्या मुलखातून खाली संगमनेरकडे जाते. तिच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तांबड्या मातीवर काळ्या रंगाची नक्षी असलेली, उत्तम भाजलेली भांडी तिथं मिळाली आणि त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडलं. काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा, त्याहूनही मागचा. या भांड्याचं एक लक्षण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते वाजवलं तर धातूसारखा नाद देतं. म्हणजे माती भाजण्याची अक्कल या काठाला नवी नाही. उघड्या आव्यात साधं मडकं सात-आठशे अंशांवर भाजतं. चिनी माती, गारगोटी आणि फेल्डस्पार यांच्या मिश्रणाला तेराशे-चौदाशे अंश लागतात. तेव्हा ते कण वितळून एकमेकांना धरतात आणि दगडापेक्षाही घट्ट होतात. जातीची पांढरी माती आपल्याकडे सिंधुदुर्गात, चंद्रपूर-भंडाऱ्याकडेही आहे. भद्रावतीच्या ग्रामोदय संघासारख्या संस्थांनी मातीकामाला नवं वळण द्यायचा प्रयत्नही केला.

दुसरी परीक्षा पाण्याची. आतल्या खरखरीत भागावर पाण्याचा एक थेंब टाका. तो टिकून राहिला तर माती नीट भाजली आहे. चटकन शोषला गेला तर ती कच्ची आहे, मसाल्याचा रंग आणि वासही ती तशीच शोषून घेईल. तिसरी परीक्षा बत्त्याची. त्याचं डोकं खलाच्या तळाशी नीट बसलं पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर खलताना कण निसटतात. जुन्या बत्त्यांना लाकडी दांडा असतो. तो पाण्यात बुडवून ठेवला की फुगतो, मग सुकतो आणि डोकं सुटतं. चौथी गोष्ट, नवा खल आणल्यावर त्यात मूठभर तांदूळ आणि मीठ खलून ते फेकून द्यायचं. पूड पांढरी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा असं करायचं. नवा पाटा आणल्यावर त्याची कच जावी म्हणून आपण हेच करत आलो आहोत.

आणखी एक महत्त्वाची सूचना आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. बाबांना गोळी गिळत नाही, आईच्या घशात अडकते, म्हणून घरोघरी गोळ्या खलात कुटून पाण्यातून दिल्या जातात. हेतू चांगला असतो. पण प्रत्येक गोळी कुटायची नसते. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ अशी अक्षरं दिसली की सावध व्हा. अशी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एका घोटात अंगात जातं. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या औषधाचं असं झालं तर जिवावर बेतू शकतं. काही गोळ्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. ते फोडलं की औषध वाया जातं किंवा जठराला इजा होते. तेव्हा गोळी खलात टाकण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. काही वेळा तेच औषध पातळ स्वरूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात मिळतं. आणि कुटायला परवानगी मिळालीच, तर तो खल वेगळा ठेवा. औषधाचा खल मसाल्याला नाही आणि मसाल्याचा खल औषधाला नाही.

शेवटी जुन्या खलांविषयी एक विनंती. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या वस्तूंपुढे माणसं किती वेळ उभी राहतात ते दिसेल. दिनकर केळकरांनी त्या एकेक करून गावोगावहून जमवल्या आणि १९७५ साली हा सगळा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. आपल्या गावातल्या बंद पडलेल्या दवाखान्याचा, एखाद्या वैद्यबुवांच्या घरचा खल अशाच मोलाचा आहे. तो भंगारात घालू नका, कारण तिथून तो कुणाच्या ओट्यावर जाईल याचा नेम नाही. त्याच्या तळाशी मापाचा आकडा असेल तर तो पाहून ठेवा. कुणाचा होता, कोणत्या गावात होता, त्यात काय खलत असत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीच्या शेवटी ठळक अक्षरांत एवढं जरूर लिहा : हा औषधाचा खल आहे, खाण्याचं काही यात करू नये. पुढच्या पिढीतल्या कुणा सुनेच्या किंवा नातवाच्या हाती तो लागेल, तेव्हा ती एक ओळ फार उपयोगी पडेल.